अरे-तुरेचा तास

मालगुंडहून गणपतीपुळ्याला रमतगमत पायी जाता येतं. या वाटेवर गेल्या काही वर्षांत लॉज वाढले, आणि त्यांतल्या एखाद्याच्या काउंटरमागं गेरूच्या भिंतीवर पांढऱ्या रेषांचं वारली चित्र हमखास सापडतं. एकदा चहा येईपर्यंत असंच एक चित्र मी नीट बघितलं. मधे चौकोन, त्याला दाट नक्षीची किनार आणि आत एक उभी आकृती. हा लग्नातला देवचौक, आणि आतली ती पालघाट देवी. वारल्यांच्या घरी लग्न निघालं की सवाशिणी तांदळाच्या पिठानं तो भिंतीवर लिहितात. ‘लिहितात’ हा त्यांचाच शब्द आहे. इथं देवीच्या पायाशी खोली रिकामी करण्याच्या वेळेची पाटी लावलेली होती.

मालक भला माणूस. “ट्रायबल थीम केलीय,” म्हणाले. वारली इथले नव्हेत, डहाणू-तलासरीकडचे, रत्नागिरी जिल्ह्यातले आदिवासी म्हणजे मुख्यतः कातकरी, असं मी म्हटल्यावर त्यांना खरंच नवल वाटलं. “ते होय? ते भट्टीवाले. ते कुठं आपल्या इथं!”

कामाच्या ठिकाणी येणाऱ्या, काम करणाऱ्या आदिवासी माणसाच्या संस्कृतीची जाण बाकीच्यांना यावी म्हणून प्रशिक्षण द्यावं, हा विचार ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंडमध्ये आता रुळला आहे. तिकडच्या कंपन्या, इस्पितळं, विद्यापीठं नव्या माणसाला त्या तासाला बसवतात. आपल्याकडं असं काही आहे का, असलं तर त्याचं काय झालं, हे बघायला मालगुंड ही तशी गैरसोयीची जागा आहे. मला मात्र तीच बरी वाटते. गडचिरोलीत लोकसंख्येचा तिसरा हिस्सा ओलांडून आदिवासी आहेत, नंदुरबारमध्ये दोन तृतीयांशांहून जास्त. तिथल्या कार्यालयाला त्यांचं अस्तित्व विसरता येत नाही. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यातलं आदिवासींचं प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास होतं. जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही, आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय पार पेणला. त्यामुळं तलाठी, आरोग्यसेविका, वनरक्षक, रेशन दुकानदार, मास्तर यांच्यापैकी कुणालाच आपल्या कामात याबाबत काही शिकण्यासारखं आहे असं वाटत नाही, आणि कातकरी तर रोज यांच्याच दारात येतो.

कातकरी हे नाव काताच्या धंद्यावरून पडलं. खैराचं लाकूड उकळून कात काढणं हा त्यांचा व्यवसाय. इंग्रजी वनकायद्यांनी जंगल सरकारी केलं आणि खैराला हात लावणं गुन्हा झाला. कात पुढंही निघत राहिला, चिपळूण-सावर्ड्याकडं त्याचे कारखानेही उभे राहिले, पण ज्यांच्या नावात कात आहे ते कोळशाच्या आणि विटांच्या भट्टीवर गेले. पावसाळा सरला की उचल घ्यायची, कुटुंबासकट भट्टी गाठायची, पावसाच्या तोंडावर परतायचं. हिशेबात उचल बहुधा फिटत नाही. वेठबिगारी कायद्यानं १९७६ साली बंद झाली, आणि त्यानंतर सहा वर्षांनी, १९८२ साली, श्रमजीवी संघटनेला ठाणे जिल्ह्यात तेवढ्यासाठी उभं राहावं लागलं. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती केंद्र सरकारनं विशेष असुरक्षित ठरवल्या त्या म्हणजे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. ‘आदिम’ हा जुना सरकारी शब्द केंद्रानं बदलला खरा, पण आपल्या टेबलांवर तो अजून सर्रास चालतो.

आता या कुटुंबातली एक बाई जातीच्या दाखल्यासाठी खिडकीशी उभी आहे असं समजा. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० हा दिवस महत्त्वाचा, कारण जमातींची यादी त्या तारखेच्या राष्ट्रपतींच्या आदेशानं आली. त्या दिवशी किंवा त्याआधी तुमचं घराणं इथंच राहत होतं याचा कागद आणा, असं खिडकीतून सांगितलं जातं. जे कुटुंब आठ महिने भट्टीवर, चार महिने दुसऱ्याच्या माळावरच्या झोपडीत, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, ज्याच्या आजोबानं शाळा बघितली नाही, ते १९५० सालचा कागद कुठून आणणार? कारकुनाची नियत वाईट असते असं नाही. त्याच्या घरी सातबारा असतो, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेत असतो, आणि प्रत्येक घरात अशी एक ट्रंक असते असं त्याला मनापासून वाटतं. कागद नसेल तर गृहचौकशी करून दाखला देण्याचे नियम आहेत, तो मार्ग अर्जदाराला सांगायचा असतो, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. १५ नोव्हेंबर २०२३ला सुरू झालेल्या ‘पीएम जनमन’ योजनेत आधार आणि जातीचे दाखले वस्तीवर जाऊन देण्याची शिबिरं घ्यावी लागली, ती यामुळंच.

म्हणजे प्रशिक्षणाची गरज आहे. पण आपल्याकडं ते नव्हतंच, असंही नाही.

सगळ्यात धाडसी प्रयोग ईशान्येत झाला, आणि त्याचा एक धागा पुण्यात निघतो. व्हेरियर एल्विन हा इंग्रज तरुण १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला, पुढं मध्य प्रांतात गोंडांमध्ये राहिला, भारताचा नागरिक झाला. १९५४ साली त्याला नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, प्रशासनाचा आदिवासी सल्लागार नेमलं. त्याच सुमाराला नेफासाठी वेगळी अधिकारी सेवा काढली होती. दौरा पायी करा, भाषा शिका, लोकांत बसा, त्यांचे कपडे आणि घरं बदलायला धावू नका, अशी त्याची शिकवण. १९५७ साली त्यानं तिचं पुस्तकच केलं, नेहरूंनी त्याला प्रस्तावना लिहिली. दहा-पंधरा वर्षांत ती वेगळी सेवा भारतीय प्रशासकीय सेवेत विरघळली. एल्विनच्या विचारांवर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि आपल्या गोविंद सदाशिव घुर्यांनी ती कडकपणे केलीही. तरी अधिकाऱ्याची पात्रता तो किती फायली काढतो याबरोबर किती चालतो यावर मोजायची, ही कल्पना मला अजून ताजी वाटते.

महाराष्ट्रात १९६२ साली पुण्याला आदिवासी संशोधन संस्था निघाली. तिच्या आजच्या नावात ‘संशोधन’ आणि ‘प्रशिक्षण’ शेजारी शेजारी आहेत. आदिवासी भागात जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना शिकवणं हे तिचं काम. जुन्नर भागातल्या महादेव कोळी समाजातून आलेले डॉ. गोविंद गारे तिचे संचालक झाले आणि त्यांनी जमातींवर मराठीत पुस्तकांची रांग लावली. आदिवासींबद्दलचं ज्ञान आदिवासी माणसाच्या लेखणीतून सरकारी टेबलावर येणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. यातलं किती खाली झिरपलं, हा वेगळा प्रश्न.

असा एक वर्ग मी मागच्या बाकावरून पाहिला आहे. कुठला ते सोडा. फोल्डरवर वारली चित्र. पहिल्या तासाला राज्यातल्या जमातींची यादी, दुसऱ्याला योजनांची. मग ‘आदिवासी संस्कृती’ या मथळ्याखाली तारपा, बोहाडा, होळी, मोहाची दारू. जेवणानंतर नाच. नाचून दमलेल्या पोरांना शेवटी चहा दिला तो बाहेर, मांडवाखाली. वक्ते अभ्यासू होते, पण दिवसभरात एकाही कर्मचाऱ्याला “तुमच्या टेबलापाशी गेल्या महिन्यात कोण आदिवासी आला, त्याचं काम झालं का?” असं कुणी विचारलं नाही. शिवाय राज्यातले आदिवासी तीन भाषाकुलांत विभागलेले: भिली, कातकरी आर्य कुळातल्या, गोंडी, कोलामी द्राविड, तर कोरकू मुंडा कुळातली. या सगळ्यांची ‘संस्कृती’ चाळीस मिनिटांत उरकायची म्हटल्यावर तारपाच हाती लागणार.

त्या दिवशी खरा तास चुकून झाला, चहाच्या वेळी. एक मंडळ अधिकारी तक्रार करत होते, की हे लोक साहेबालासुद्धा सरळ अरे-तुरे करतात, यांना काही रीतभात शिकवायला हवी. शेजारी डहाणूकडचे एक वारली शिक्षक होते. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, आमच्या बोलीत देवालाही तूच म्हणतात.”

या एका वाक्यावर दिवसभराचं प्रशिक्षण बेतता आलं असतं. अनेक आदिवासी बोलींत आदरार्थी बहुवचनाची आपल्यासारखी चाल नाही. तिथला ‘तू’ सपाट असतो, त्यात वर-खाली काही नाही. प्रमाण मराठीतला ‘तू’ मात्र जिन्यासारखा आहे: आईला तू, देवाला तू, मित्राला तू, आणि ज्याला आपण मोजत नाही त्यालाही तू. खिडकीबाहेरचा म्हातारा कातकरी साहेबाला ‘तू’ म्हणतो तेव्हा तो उद्धट ठरतो. खिडकीतला पंचविशीचा कारकून त्या म्हाताऱ्याला ‘ए, तू इकडं ये’ म्हणतो तेव्हा कुणाच्या कानाला काही लागत नाही. अहो-जाहो म्हणायला खर्च शून्य, आदेश शून्य, निधी शून्य. तरी सगळ्या शिफारशींत ही मला सर्वांत अवघड वाटते.

जिथं खरोखर फरक पडला, त्या जागा बघितल्या तर तिथं वर्ग कमी आणि फेरफार जास्त झालेला दिसतो. फेरफारही आदिवासींत नाही, कामाच्या जागेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडला गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखतात. पालकांना शिक्षणाचं महत्त्व पटवून देत बसण्याऐवजी बाईंनी शाळाच कुरणावर नेली. तीच कुरणशाळा. अंगणवाडीही त्याच घरची.

हेमलकशाला १९७३च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी माडिया शिकून घेतली. रोग्याला ‘कुठं दुखतंय’ हे विचारता येत नसेल तर पदवीचा काय उपयोग? आजही या राज्यात माडिया मुलखात बदली होऊन आलेला डॉक्टर पहिले काही महिने शिपायाला दुभाष्या करून तपासतो. बाईचं दुखणं, दुभाष्या गावातलाच पुरुष. ती काय सांगणार आणि किती!

पण या आढाव्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण गडचिरोलीच्या ‘सर्च’चं. डॉ. अभय आणि राणी बंग १९८६ साली तिथं गेले. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, याचं ठरलेलं उत्तर ‘अंधश्रद्धा’. त्यांनी ते लोकांनाच विचारलं. उत्तरं ऐकण्यासारखी होती. मोठ्या इमारतीत भीती वाटते. आजाऱ्याला आत घेतात आणि नातेवाइकाला बाहेर काढतात. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आमच्यात पांढरं कापड मेलेल्याला गुंडाळतात. असा माणूस आम्हाला वाचवणार कसा? मग दवाखाना बांधला तो गोंडांच्या पाड्यासारखा, झोपड्यांचा, नातेवाइकांना आजाऱ्याबरोबर राहता येईल असा. नाव लोकांनी सुचवलं: माँ दंतेश्वरी. ज्या घरात डॉक्टरकी चालते तिथं देवी हवीच, असं त्यांचं म्हणणं. पुढं याच संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळांची देखभाल शिकवली, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. ते श्रेय मुख्यतः औषधोपचार आणि प्रशिक्षणाचं, झोपड्यांचं नव्हे, हे मला कळतं. पण आरोग्यदूत होऊन उंबऱ्याशी येणारी बाई ओळखीची, तीच बोली बोलणारी होती, हेही त्यातलंच.

मेळघाटात याच्या उलट वाटेनं फार वर्षं गेली. १९९३च्या बालमृत्यूंनंतर धारणी-चिखलदऱ्याला भेटी, समित्या, अहवाल यांची रीघ लागली. कोरकूंचा वैद्य-भगत म्हणजे भूमका. बाळाच्या पोटाला तापल्या लोखंडाचे चटके देण्याच्या प्रथेपायी तो कायम गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात. त्या चटक्यांचं समर्थन होऊ शकत नाही आणि मी ते करणार नाही. पण धाक घालून प्रथा रात्रीच्या अंधारात गेली, थांबली नाही. नंतर आरोग्य यंत्रणेनं भूमकांनाच बोलावलं, धोक्याची लक्षणं समजावली आणि पाठवलेल्या आजाऱ्यामागं मानधन देऊ केलं. हेही प्रशिक्षणच, फक्त बाकावर बसणारा बदलला. डॉक्टरांनी भूमकाकडून काय शिकायचं, याचा तास मात्र अजून वेळापत्रकात नाही.

बाहेरच्या देशांत या तासांची फलश्रुती काय? फार गाजावाजा करण्यासारखी नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांना दिलेल्या अशा सांस्कृतिक प्रशिक्षणाचा ‘कॉक्रेन’ या संस्थेचा आढावा २०१४ साली आला. निकषांत बसणाऱ्या चाचण्या भरल्या पाच, आणि रुग्णाला त्यातून काय मिळालं याचा पुरावा तुटपुंजा निघाला. वर्गातून बाहेर पडताना माणसाची माहिती वाढलेली असते, महिन्यांनी खिडकीवरचं वागणं तेच. ऑस्ट्रेलियात २००६ पासून संस्था आपापले सलोख्याचे आराखडे करतात, सभेआधी त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचं स्मरण होतं. त्यातला कर्मकांडाचा वास तिथल्याच लोकांना येतो. आपल्याला कर्मकांड शिकवायला परदेशातून कुणी यायला नको. ९ ऑगस्टला, आदिवासी दिनी, हार घालण्यात आपण कमी नाही.

दोन गोष्टी मात्र उचलण्याजोग्या. न्यूझीलंडच्या इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेनं म्हटलं, की परिचारिकेला माओरी चालीरीती किती पाठ आहेत हे मला नको, तिच्या हाताखाली माओरी रुग्णाला सुरक्षित वाटलं का एवढं सांगा, आणि ते रुग्णच सांगेल. १९९२ साली तिथल्या परिचर्या परिषदेनं हे शिक्षणात घेतलं. परीक्षक बदलला की परीक्षा बदलते. दुसरी गोष्ट कॅनडाची. निवासी शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानं २०१५ साली ९४ सूचना केल्या. त्यांतली ५७वी सरकारी नोकरांच्या शिक्षणाची, ९२वी उद्योगांना उद्देशून. त्या शिक्षणाची सुरुवात सरकारनं मूलनिवासी मुलांचं काय केलं, तिथून होते. नाच नंतर. वनरक्षकाच्या प्रशिक्षणात १८७८च्या वनकायद्यानं खैराचं काय झालं हे, पोलिसाच्या प्रशिक्षणात १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं कुणाच्या कपाळी शिक्का मारला हे, आणि दोघांच्याही प्रशिक्षणात २००६च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत ‘ऐतिहासिक अन्याय’ हे शब्द का घालावे लागले हे आलं, तर तारप्याला वेळ उरला नाही तरी चालेल.

आपली यंत्रणा आदिवासी भागातल्या नोकरीकडं कशी बघते ते पगारात दिसतं. ६ ऑगस्ट २००२च्या शासन निर्णयानं अशा भागातल्या कर्मचाऱ्याला एकस्तर, म्हणजे वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते. गैरसोयीचा मोबदला म्हणून ते ठीकच. पण गोंडी शिकलात म्हणून कुणाला एकस्तर मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. ‘शिक्षेची बदली’ हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहज वापरतो, की शिक्षा म्हणून आलेला माणूस ज्यांच्यात पाठवला त्यांच्याशी कसा वागेल हा विचारही मनात येत नाही.

आतापर्यंत मी खिडकीच्या अलीकडं बिगरआदिवासी आणि पलीकडं आदिवासी असं धरून चाललो. खुर्चीवर आदिवासी असेल तर? राज्यातल्या नोकऱ्यांत ७ टक्के जागा त्यांच्या. त्यांवर बनावट दाखल्यांनी किती जण बसले याचा १२,५०० हा आकडा वर्षानुवर्षं चर्चेत आहे. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१७ मध्ये अशांना संरक्षण नाकारलं, तर राज्यानं २०१९च्या डिसेंबरात त्यांच्यासाठी ‘अधिसंख्य’ पदं काढली. आणि जो खऱ्या दाखल्यावर येतो त्याला पहिल्या दिवसापासून ‘कोट्यातला’ हे विशेषण चिकटतं. जळगाव जिल्ह्यातली डॉ. पायल तडवी ही तडवी भिल्ल समाजातली मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ला तिनं आयुष्य संपवलं. तीन वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानं दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला समिती नेमणं आणि कर्मचाऱ्यांना जाण देणं बंधनकारक केलं. जातीवरून, जमातीवरून होणाऱ्या टोमण्यांसाठी खाजगी कार्यालयात असं काहीच नाही. आहे तो १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, आणि तो पोलीस ठाण्यापासून सुरू होतो. टोमणा आणि पोलीस ठाणं यांच्यामधली सगळी जागा मोकळी.

मालगुंडला केशवसुतांचं घर आहे, १९९४ साली कोकण मराठी साहित्य परिषदेनं तिथं स्मारक उभारलं. केशवसुत पोटासाठी मास्तर होते, खानदेशात फैजपूरच्या शाळेतही होते. सातपुड्याच्या पायथ्याचा तो सगळा तडवींचा मुलूख. ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ अशा नावाची कविता त्यांनी १८८८च्या सुमाराला लिहिली. प्रश्न मुलानं विचारावा आणि मोठ्यांनी निरुत्तर व्हावं, ही त्या नावातच असलेली रचना मला कुठल्याही प्रशिक्षण पुस्तिकेत सापडली नाही. शाळांच्या सहली स्मारकात येतात, भिंतीवरच्या कविता वाचून मुलं समुद्राकडं पळतात. त्यांत कातकऱ्याचं मूल असतं का, हे मी मास्तरांना विचारलं नाही. सहलीच्या दिवसांत ती मुलं भट्टीवर असतात.

ओळखीतली एक आरोग्यसेविका आहे, जिल्ह्याच्या उत्तरेकडची. कातकरवाडी तिच्याच उपकेंद्रात येते. तिला कुणी प्रशिक्षण दिलेलं नाही. वाडीवर बायकांना वय विचारलं की उत्तर येत नाही आणि फॉर्म जन्मतारखेशिवाय पुढं सरकत नाही, म्हणून पूर्वी तीही सगळ्यांची जन्मतारीख १ जून घालायची, शाळेत मास्तर घालायचे तशी. मग सोळा वर्षांची गरोदर पोर एकोणीसची होऊन जायची आणि तिच्या बाळंतपणातली जोखीम कागदावर दिसायचीच नाही. आता ती वय विचारत नाही. “दोन हजार पाचच्या पुरात तुम्ही केवढ्या होता? पाण्यातून कुणी उचलून नेलं, का स्वतः चालत गेलात?” असं विचारते. उत्तरं भराभर येतात: आईच्या काखेत होते, भावाचा हात धरला होता, तेव्हा मी जन्मलेच नव्हते, आमचा जन्म पुरानंतरच्या भट्टीवरचा. तिच्या वहीत छापील रकान्यांच्या शेजारी पेन्सिलीनं आखलेला एक जादा रकाना मी पाहिला. त्यावर लिहिलं होतं, ‘पूर’.